कृपा आणि सालदारी

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार आमच्याकडे बहुधा दोनच अंगांनी होत आला आहे. त्याने मराठी गद्याला काय दिले, हे एक. आणि त्याने हिंदुधर्मावर कोणती टीका केली, हे दुसरे. पहिल्या अंगाने लिहिणारे ‘ज्ञानोदया’चे १८४२ साल आणि ‘यमुनापर्यटना’चे १८५७ साल सांगून मोकळे होतात, दुसऱ्या अंगाने लिहिणारे जुन्या वादांची उजळणी करून थांबतात. ह्या दोहोंच्या मध्ये एक गोष्ट राहून जाते. हे वाङ्मय ज्या श्रद्धेतून निपजले त्या श्रद्धेच्या पोटातच एक अवघड प्रश्न आहे, आणि तो आमच्या लेखकांनी कसा सोडविला किंवा कोठे चुकविला, हे पाहिल्यावाचून त्यांच्या लेखनाची खरी पारख होत नाही.

प्रश्न असा. मनुष्याचे तारण त्याच्या सत्कर्मांनी होत नाही, ते देवाच्या कृपेने, विश्वासाच्या द्वारे, केवळ दान म्हणून मिळते, असे प्रॉटेस्टंट पंथ सांगतो. त्यातील एक मोठी शाखा ह्याहीपुढे जाऊन म्हणते की, एकदा मिळालेले हे दान परत घेतले जात नाही. तारण पावलेला मनुष्य पुढे कितीही अडखळला तरी तो देवाच्या हातून निसटत नाही. हे खरे मानले, तर अशा मनुष्याने देवाच्या आज्ञा पाळावयाच्या त्या कशासाठी? शिक्षेचे भय उरले नाही, आणि बक्षीस तर आधीच पदरात पडले आहे. मग पहाटे उठून प्रार्थना करावी, शेजाऱ्याशी खरे वागावे, दारूच्या गुत्त्यावरून मान खाली घालून पुढे जावे, ह्याला प्रेरणा कोणती?

ख्रिस्ती जगात ह्या प्रश्नावर कधीच एकमत झालेले नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात ख्रिस्त आपल्या मेंढरांना अभय देतो की त्यांना आपल्या हातून कोणी हिरावून नेणार नाही. तर इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात, एकदा प्रकाश पाहून मागे फिरलेल्यांना असा कठोर इशारा आहे की तो वाचून भल्याभल्यांची झोप उडावी. पहिल्या वचनाची कास धरणाऱ्या कॅल्व्हिनच्या अनुयायांनी हॉलंडातील डॉर्ट येथे १६१८-१९ साली भरलेल्या धर्मसभेत तो पक्ष सिद्धांत म्हणून मांडला. अठराव्या शतकात जॉन वेस्लीने उलट बाजू घेतली. रोमन कॅथलिक पंथाने तर ट्रेंटच्या धर्मसभेत १५४७ सालीच असा निर्णय दिला होता की, विशेष साक्षात्कारावाचून कोणी अशी खात्री बाळगू नये. गोमंतकात १६१६ साली फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ बाहेर पडले ते ह्या शेवटच्या मताच्या छायेत; आणि १८१३ साली मुंबईस उतरलेले अमेरिकन मिशनरी आले ते कॅल्व्हिनचा वारसा घेऊन. एकाच ख्रिस्ताच्या नावाने मराठी वाचकाच्या दारात परस्परविरोधी दोन निरोप येऊन उभे राहिले, ही गोष्ट आमच्या वाङ्मयेतिहासकारांनी पुरेशी ध्यानात घेतली आहे असे आम्हांस वाटत नाही.

हा वाद परका म्हणून बाजूस सारण्याचेही कारण नाही. दक्षिणेतील श्रीवैष्णवांत वेदान्तदेशिक आणि पिळ्ळै लोकाचार्य ह्यांच्या अनुयायांमध्ये जो मतभेद पडला, तो ह्याच जातीचा. माकडिणीचे पोर आईला आपल्या हातांनी घट्ट धरून असते. मांजरीचे पिलू काहीच धरीत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. जीवाचा उद्धार ह्यांपैकी कोणत्या न्यायाने होतो, ह्यावर दोन पंथ झाले. आमच्या कीर्तनांतून अजामिळाचे आख्यान रंगते तेव्हाही श्रोत्यांपैकी एखादा चिकित्सक मनात म्हणतोच की, मरतेवेळी नाम घेतले म्हणजे झाले, तर जन्मभर बरे वागण्याचा खटाटोप कशाला? आमच्या शास्त्रकारांना ही शंका ठाऊक होती. म्हणून तर नामाच्या बळावर पाप करणे हा नामापराधांत गणला गेला. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात हीच शंका स्वतः उपस्थित करून तिचा धिक्कार केला आहे. परंतु धिक्काराने शंका मरत नाही.

आम्हांस ह्या विषयाकडे ओढले ते मात्र नंदुरबार जिल्ह्याने. पूर्वीचा पश्चिम खानदेश, पुढे धुळे जिल्हा, आणि १ जुलै १९९८ पासून स्वतंत्र नंदुरबार: तापीच्या काठापासून सातपुड्याच्या रांगांपर्यंतचा हा मुलूख. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे येथील सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. भिल्ल, पावरा, मावची, गावीत, कोकणी. फ्रेडरिक फ्रान्सन नावाच्या स्वीडिश-अमेरिकन उपदेशकाने १८९० साली स्थापिलेल्या स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक विसाव्या शतकाच्या आरंभी ह्या भागात आले. त्या मिशनने १९४९ साली नाव बदलले. परंतु नवापूर तालुक्यातील मंडळ्या आणि चिंचपाड्याचे इस्पितळ ह्यांवरून त्या कामाची खूण आजही पटते. ही मंडळी कृपेचा उपदेश मोठ्या तळमळीने करणाऱ्यांपैकी होती.

त्याच मुलखाने आज्ञापालनाचे आणखीही दोन मोठे प्रयोग पाहिले आहेत. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्याकडून निघालेली ‘देवी’ची चळवळ खानदेशात, डांगांत आणि सुरतेच्या बाजूस पसरली. देवी अंगात आलेल्या माणसांच्या मुखाने आज्ञा देई: दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा, दारूच्या दुकानदाराकडे कामास जाऊ नका. गावेच्या गावे ह्या आज्ञांप्रमाणे वागू लागली. पुढे मात्र भेद पडला. सुरत जिल्ह्याच्या आदिवासी भागात आज्ञा पाळीत राहिलेले ते ‘वर्जेला’ आणि जुन्या चालीवर परत गेलेले ते ‘सरजेला’ अशी नावेच रूढ झाली. डेव्हिड हार्डिमन ह्यांनी १९८७ साली ह्या चळवळीवर जे पुस्तक लिहिले, त्यात तिच्याकडे केवळ अंगात येण्याचा प्रकार म्हणून न पाहता सावकार व दारूविके ह्यांच्या पकडीतून सुटण्याची धडपड म्हणून पाहिले आहे, आणि ते योग्यच आहे. पुढे १९३० नंतरच्या दशकात तळोद्याकडे गुला महाराज आणि त्यांच्यामागे त्यांचे बंधू रामदास महाराज ह्यांनी भजनाच्या द्वारे तीच दारूबंदी आणि तीच स्वच्छता शिकविली. तेव्हा, दारू सोडावी हा उपदेश नंदुरबारच्या आदिवासीला मिशनऱ्यानेच प्रथम केला असे नव्हे. मिशनऱ्याच्या बोलण्यातले नवीन ते निराळेच होते. तो म्हणत होता की, दारू सोडल्याने तू तरणार नाहीस. तू तरला आहेस, म्हणून दारू सोड.

हे वाक्य उच्चारण्यास सोपे व ऐकण्यास फार अवघड आहे. नवापूरकडच्या मंडळीतला एखादा शेतकरी वाचकांनी कल्पनेने डोळ्यांपुढे आणावा. होळीच्या दिवसांत भाऊबंदांत बसून तो मोहाची दारू प्याला. रविवारी तो उपासनेला जाईल की नाही? तारण कृपेने आहे हे त्याने शंभर वेळा ऐकले आहे. तथापि त्याच्या मनातला हिशेब असा की, दारू सोडली तेव्हा देवाने घेतले, आता प्यालो तेव्हा टाकले. हा हिशेब कृपेचा नव्हे, देवीच्या आज्ञेचाच आहे. फक्त नाव पालटले. उलटपक्षी उपदेशकाने त्याला छातीठोकपणे सांगितले की, तुझे तारण काही केल्या जात नाही, तर पुढच्या होळीला त्याचा हात अधिकच मोकळा होण्याचा संभव. एक उत्तर त्याला भित्रा करते आणि दुसरे बेफिकीर. ह्या दोहोंच्या पलीकडे घेऊन जाईल अशी भाषा त्याला कोणी दिली आहे काय?

आणि भाषेचाच प्रश्न निघाला म्हणून सांगतो. ‘कृपा’ हा शब्द आम्हां मध्यमवर्गीयांना पवित्र वाटतो, कारण तो आम्हांस पोथीतून आला आहे. परंतु गरीब मनुष्याला हा शब्द व्यवहारात कोठे भेटतो? मामलेदाराच्या कचेरीत, रानखात्याच्या शिपायापुढे, सावकाराच्या ओटीवर. साहेबांची कृपा, शेठजींची कृपा. ती वरून येते आणि तिची फेड खालून करावी लागते. शहादे-तळोद्याच्या काळ्या जमिनीवर सालदारीची जी पद्धत होती, तिच्यात सालाच्या आरंभी मालक उचल देई. ती फेडण्यासाठी सालदाराने वर्षभर पडेल ते काम करावयाचे. आणि वर्ष संपता हिशेब काढला की काहीतरी बाकी निघावयाचीच, ती पुढच्या सालावर. शहाद्याच्या श्रमिक संघटनेने १९७२ पासून ज्या लढती दिल्या त्यांत ह्या सालदारांचा प्रश्न अग्रभागी होता. ज्याच्या बापाने व आजाने अशी उचल फेडण्यात आयुष्य घालविले, त्याला जर सांगितले की, देवाने तुझ्यावर अपार कृपा केली आहे, आता तू कृतज्ञतेने आयुष्यभर त्याची सेवा कर, तर त्याला ते कसे ऐकू येईल? त्याला वाटेल की हाही एक मालक; उचल मोठी आहे, एवढेच.

हा केवळ आदिवासी श्रोत्याच्या गैरसमजाचा मामला नाही. उपकाराची फेड म्हणून आज्ञापालन, ही उपपत्ती ख्रिस्ती व्यासपीठावरून इतकी सरसकट मांडली जाते की तिच्यातली खोट कोणास दिसेनाशी झाली आहे. जे फेडता येते ते कर्ज, आणि कर्ज फेडून मिळविलेली वस्तू विकत घेतलेली. कृपा जर हप्त्याहप्त्याने फेडावयाची, तर ती कृपा कसली? आणि ती फेडता येत नाही असे म्हणून पुन्हा फेडीचाच तगादा लावला, तर ती उघड उघड सालदारी झाली. जर्मनीतील दीट्रिख बॉनहॉफर ह्याने १९३७ साली स्वस्त कृपेवर कडक टीका केली आणि १९४५ साली नाझींच्या फाशीवर जाऊन ती आपल्या प्राणांनी खरी केली. स्वस्त कृपेचा धोका म्हणून सर्वश्रुत आहे. सावकारी कृपेचा धोका त्याहून कमी नाही, आणि आमच्या मुलखात तो अधिक आहे, असे आमचे मत आहे.

आता आमच्या लेखकांकडे वळू. बाबा पदमनजी हे ह्या वाङ्मयाचे आद्य धुरीण. १८५४ साली बेळगावास त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि ‘अरुणोदय’ हे त्यांचे आत्मचरित्र १८८८ साली निघाले. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी आम्हांस शंका नाही. परंतु त्यांच्या लेखनात सगळा भर वाटेवर आहे, घरी पोहोचल्यानंतरच्या जीवनावर नाही. सत्य कोणते ह्याचा शोध, घरच्यांचा विरोध, मनाची ओढाताण, हे सारे ते सविस्तर सांगतात. दारातून आत गेल्यावर मनुष्य पुन्हा कसा घसरतो आणि पुन्हा कसा सावरतो, ह्याविषयी त्यांचे कुतूहल मंद आहे. ‘यमुनापर्यटना’तील यमुना तर आरंभापासूनच इतकी सुशील आहे की कृपेने तिच्या वागणुकीत काय फरक पडला हे वाचकास दाखविण्याची सोयच राहिली नाही. विधवांच्या दुःखाचे दर्शन म्हणून ते पुस्तक मोलाचे आहे. आमच्या प्रश्नाला त्यात उत्तर नाही.

पंडिता रमाबाईंची गोष्ट निराळी. त्यांच्या आयुष्याची दोन अर्धुके हीच ह्या प्रश्नाची दोन टोके आहेत. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांच्यासह ह्या कुटुंबाने तीर्थामागून तीर्थ पालथे घातले, पुराणे वाचली, उपासतापास केले, होते ते दान केले. आणि १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात आईबाप पाठोपाठ गेले. पुण्य जोडण्याचा मार्ग एखाद्याने किती निष्ठेने चालावा, ह्याचे ह्याहून करुण उदाहरण नाही. पुढे २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातील वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. सामान्य धर्मांतरकथा येथे संपली असती. रमाबाईंनी मात्र १९०७ साली इंग्रजीत लिहिलेल्या आपल्या साक्षीत स्पष्ट सांगितले की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे आपणास ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. म्हणजे पूर्वी तीर्थयात्रा होत्या त्या जागी आता ख्रिस्ती कर्तव्ये आली; हिशेबाची वही तीच राहिली. आधी चांगले व्हावे आणि मग देवापुढे जावे, ही समजूत सुटली, आपण जशा आहोत तशाच स्वीकारल्या गेलो आहोत ही खात्री पटली, तेव्हा त्यांना शांती लाभली.

येथे टीकाकाराने डोळे उघडे ठेवून पाहावयाचे ते हे, की ह्या शांतीनंतर काय घडले. खात्रीने मनुष्य सैल पडतो असे म्हणणाऱ्यांनी रमाबाईंची १८९१ नंतरची वर्षे पाहावी. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात जाऊन शेकडो मुलींना घेऊन आल्या. केडगावास मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली. त्यांच्या जोडीला हिब्रू व ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे काम. ते त्यांनी ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवण्यापूर्वी हातावेगळे केले आणि १९२४ साली ते छापून निघाले. पुण्य जोडावयाचे होते तोपर्यंत चालण्याला अंत नव्हता आणि त्यातून दुसऱ्याच्या पोटात एक घास गेला असेल-नसेल; जोडावयाचे काही उरले नाही तेव्हा हजारो पोटांची सोय झाली. स्वतःच्या तारणाची चिंता हीही स्वार्थाचीच एक जात आहे, आणि ती गेली म्हणजे मनुष्याचे हात दुसऱ्यासाठी मोकळे होतात, असा ह्याचा अर्थ आम्ही करतो. मात्र साक्षी म्हणून ते लहानसे पुस्तक जितके मोठे आहे तितके वाङ्मय म्हणून नाही. त्यातील भाव रमाबाईंचा, परंतु मांडणी त्या काळच्या इंग्रज इव्हॅन्जेलिकल साक्षींच्या वळणाची आहे. हाच अनुभव त्यांनी आपल्या वडिलांच्या भाषेत विस्ताराने लिहिला असता तर मराठीचे भाग्य उजळले असते. शिवाय मुक्तिसदनाचा दिनक्रम कडक होता, हेही विसरू नये. कृपेने मुक्त झालेली बाई संस्था चालवू लागली की तिलाही घंटा वाजवावी लागते.

ह्या प्रश्नाला मराठी शब्द दिले ते नारायण वामन टिळकांनी. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो ही त्यांची भावना सुप्रसिद्ध आहे. हा पूल अलंकार म्हणून बांधलेला नाही. ‘उतराई’ हा शब्द आमच्या संतवाङ्मयाने ज्या अर्थाने वापरला, तोच टिळकांच्या कामी आला. संतांच्या भाषेत उतराई होणे म्हणजे ऋण फेडून टाकणे, आणि संत तो शब्द काढतात तो बहुधा हे सांगण्यासाठी की उतराई होताच येत नाही, आणि होण्याची इच्छाही नाही. आईच्या उपकारांची फेड करून हिशेब चुकता करावा असे कोणत्या लेकराला वाटते? सावकाराचे ऋण मनुष्याला झोप येऊ देत नाही. आईच्या ऋणात तो झोपी जातो. टिळकांनी ख्रिस्ताला माउलीच्या स्थानी पाहिले तेव्हा ‘कृपा’ शब्द कचेरीतून निघून पुन्हा घरात आला. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीता’त त्यांची जी पदे गाइली जातात, त्यांनी शंभर प्रवचनांहून अधिक काम केले आहे, आणि ते नकळत केले आहे. आईच्या प्रेमाविषयी ज्या मुलाची खात्री आहे ते मूल आईचा शब्द कधीच मोडीत नाही असे नव्हे. मोडते, परंतु मोडल्यावर ते घर सोडून पळत नाही, आईच्याच पदरात तोंड लपविते. नवापूरच्या आमच्या त्या कल्पित शेतकऱ्याला रविवारी उपासनेला जाता येईल ते ह्याच भावनेने.

टिळकांच्या काव्यात दोष नाहीत असे नाही. कित्येक पदांत माउलीचा गोडवा इतका होतो की लेकराचे अपराध शब्दापुरतेच उरतात, आणि पश्चात्ताप हा अश्रूंचा एक आल्हाददायक प्रकार वाटू लागतो. परंतु काव्यातील ही उणीव त्यांच्या चरित्राने भरून काढली. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांसाठी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यानंतर दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, ते वारले. पगार बंद झाला तरी ज्याचे काम वाढते, त्याला आमच्या प्रश्नाचे उत्तर शब्दांनी द्यावे लागत नाही.

तथापि आमच्या मते ह्या विषयावरचा मराठीतील श्रेष्ठ ग्रंथ धर्मावर लिहिलेलाच नाही. तो म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. ह्या पुस्तकाचा विनोद सर्वांनी वाखाणला आहे. त्याच्या आरंभी जे घर उभे केले आहे त्याचा अर्थ मात्र फारसा कोणी लावला नाही. लक्ष्मीबाईंचे वडील हे सोवळ्याने पछाडलेले गृहस्थ. सत्तावन सालच्या धामधुमीत सासरे फासावर गेल्यापासून त्यांनी हे सोवळे धरले. बाजारातला जिन्नस धुतल्यावाचून घरात यावयाचा नाही, आणि ह्या धुण्यापुढे बायकामुलांचे हाल कोणी विचारावयाचे नाहीत. वाचक हसतो, आणि हसता हसता त्याच्या ध्यानात येते की हा नियम भयातून जन्मला आहे. भयातून जन्मलेल्या नियमाला शेवट नसतो. कितीही धुतले तरी पुरेसे धुतले गेले असे कधी वाटतच नाही. नियमशास्त्राखाली जगणे म्हणजे काय, हे पौलाने पत्रे लिहून सांगितले. लक्ष्मीबाईंनी ते पाण्याच्या घागरींनी सांगितले.

पुढे टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या. मग नवऱ्याकडे आल्या त्या आपले सोवळे व आपली चूल घेऊन. टिळक हे सोपे गृहस्थ नव्हते. त्यांच्या लहरींनी बायकोचे जे हाल झाले ते तिने लपविलेले नाहीत. परंतु ह्या एका बाबतीत त्यांनी तिच्यावर बळजोरी केली नाही. आणि मग एका रात्री, कोणी उपदेश करीत नसता, जातिभेद देवाने केला की माणसांनी, ह्याचा विचार करता करता तो भेद त्यांच्या मनातून गळून पडला, आणि येथून पुढे कोणाच्याही हातचे घ्यावयाचे असे त्यांनी ठरविले. हे बाप्तिस्म्याच्या आधी घडले. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला तो ह्या पालटाचे कारण म्हणून नव्हे. पालट आधीच होऊन बसला होता. पुढे अनाथ मुलांना घरात घेणे, दुखण्याखुपण्यात धावून जाणे, हे सारे त्या अशा थाटात सांगतात की त्यात काही विशेष केले असे त्यांना वाटतच नाही. सबंध पुस्तकात त्यांनी आज्ञापालनाची प्रेरणा कोठेही शब्दांत मांडलेली नाही, आणि ती पानापानावर आहे. ‘ख्रिस्तायना’चे दहा-अकरा अध्याय लिहून टिळक गेले, ज्या बाईला शाळा ठाऊक नव्हती तिने पुढचे चौसष्ट अध्याय रचून ते पुरे केले, आणि ते काव्य १९३८ साली, तिच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, प्रसिद्ध झाले. काव्य म्हणून ‘ख्रिस्तायना’त सपाट जागा पुष्कळ आहेत. परंतु ते कोणती उचल फेडण्यासाठी लिहिले गेले, असे कोणी विचारले तर आम्हांस उत्तर सापडत नाही.

नंदुरबारच्या मंडळ्यांना आज हवे आहे ते ह्या जातीचे लेखन. डॉर्ट आणि वेस्ली ह्यांचा निवाडा नवापूरला होणार नाही, आणि न झाला तरी कोणाचे अडणार नाही. तेथील उपासनेची भाषा बहुतांशी मराठी, तर घरातली भाषा मावची किंवा भिल्ली. म्हणजे कृपेचा शब्द पोथीतून कचेरीत, कचेरीतून देवळात आणि देवळातून घरात, इतका प्रवास करून चुलीपाशी पोहोचतो, व वाटेत त्याचे काय काय होते हे आम्ही वर पाहिले. चुलीपाशी त्यासाठी कोणता शब्द आहे, हे बाहेरच्याने सांगण्यात अर्थ नाही. त्या बाजूस ज्या घरांतून ख्रिस्ती उपासनेची आता तिसरी-चौथी पिढी चालू आहे, त्यांपैकी एखाद्या आजीने आपल्या घरातली दारू कशी सुटली, कितीदा परत आली, आणि परत आली त्या रात्री घरात कोण काय बोलले, हे आपल्या बोलीत सांगावे, आणि शाळेत जाणाऱ्या नातवाने ते जसेच्या तसे उतरून घ्यावे. अशी वही कोणी आमच्याकडे पाठविली, तर टेबलावर पडलेले धर्मशास्त्राचे दोन जाड ग्रंथ बाजूस ठेवून आम्ही ती आधी वाचावयास घेऊ.